मोठ्यानं विचार

८ जानेवारी

प्रिय घुम्या,

फुकट मिळालेला पांढरा फळा केवढ्याला पडतो, ते आधी ऐक.

एक शिकवणी वर्ग बंद झाला, त्यांची जुनी व्हॅन मी घेतली. व्हॅनच्या पाठीमागं हा फळा आडवा पडलेला. मी खूश. पण तो घरात लावायचा तर बैठकीच्या खोलीतलं काचेचं कपाट हलवावं लागलं. कपाट हललं तशी त्याच्यामागची ओल उघडी पडली, जी ओल गेली म्हणून मी मागच्या वर्षीच तुझ्या वहिनीला सांगून मोकळा झालो होतो. मग रंगारी आला. कपाट झोपायच्या खोलीत गेलं, म्हणून माझी आरामखुर्ची बाल्कनीत गेली, आणि बाल्कनीत ऊन, म्हणून दुपारची झोप गेली. वर वहिनीचा अबोला. तर एक भिंत, एक खुर्ची, रोजची झोप आणि घरातली शांतता, एवढ्याला पडला फुकटचा फळा.

फळा कशाला, असं तू विचारणार नाहीस, कारण तू काहीच विचारत नाहीस. तेव्हा मीच सांगतो. तुझी बारकी माझ्याकडे आहे. तिच्या आईनं तुला 'मैत्रिणीकडे गेलीय' असं सांगितलं असेल. ती मैत्रीण म्हणजे मी.

रागावू नकोस. पोरगी तुझी अट मोडायला आलेली नाही, पाळायला आली आहे. तुझी मुदत तिनं मला सांगितली: मार्च संपेपर्यंत नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर परत येऊन तुझ्या यार्डाच्या ऑफिसात बसायचं आणि जुन्या गाड्यांचे कागद सांभाळायचे. तिची आधीची कंपनी बुडाली यात तिचा काय दोष, हे मी लिहिणार होतो, पण लिहीत नाही. इथं एक छोटी नवी कंपनी आहे, स्टार्टअप म्हणतात तसली. रुग्णवाहिकेला दवाखान्यापर्यंत लवकरात लवकर नेणारा रस्ता कोणता, हे दाखवणारा प्रोग्रॅम ती मंडळी बनवतात. बारकीला तिथंच जायचंय. पगाराबद्दल ती बोलत नाही, त्या रुग्णवाहिकेबद्दलच बोलते. म्हणजे लक्षण गंभीर आहे.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतोस, वाचल्याची खूण उमटते, पुढं सामसूम. पत्राला तसली खूण नसते, त्यामुळे तू वाचलंस असं धरून मला चालता येतं. आपण वेगळे झालो त्या दिवशी यार्ड तुझ्याकडे राहिलं, मी इकडे येऊन गाड्या धुण्यापासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी तू एक शब्द बोलला नाहीस आणि मी फार बोललो. दोन्ही अजून चालू आहे.

तुझा
दादा


२९ जानेवारी

प्रिय घुम्या,

तुझ्या मुलीची परीक्षा नेमकी कसली आहे, ते मला आता कळलं. आपल्याला वाटतं मुलाखत म्हणजे नाव, गाव, शिक्षण, घरी कोण कोण असतं. तसं काही नाही. समोर बसवतात, एक कोडं घालतात आणि म्हणतात, सोडवा, आम्ही बघतो. प्रोग्रॅम त्यांच्या डोळ्यांदेखत लिहायचा. म्हणजे मेकॅनिकला कामावर घेताना आपण इंजिन खोलायला लावतो, तसं. एवढं कळल्यावर माझा त्या लोकांविषयीचा आदर वाढला.

म्हणून ती रोज फळ्यावर कोडी सोडवते. कालचं कोडं कंसांचं होतं. लिहिलेल्या ओळीत उघडलेला प्रत्येक कंस योग्य क्रमानं बंद झाला आहे की नाही, हे ओळखणारा प्रोग्रॅम. मी म्हटलं, "हे तुझ्या काकूला विचार. मी उघडलेला कुठला ड्रॉवर बंद केलेला नाही, हे ती दुसऱ्या खोलीतून सांगते."

बारकी हसली. तुझी वहिनी हसली नाही, पण तिनं बोलायला सुरुवात केली, "ड्रॉवर सांगायला प्रोग्रॅम लागत नाही, संसार लागतो." तेव्हा फळ्याच्या खर्चातून अबोला वजा कर.

मी म्हटलं, कोड्यातलं मला कळत नाही, पण समोरासमोर बसण्यातलं कळतं. तिला मी आपली जुनी युक्ती दिली. आठवते ना? मी गिऱ्हाइकाला गाडीभोवती फिरवायचो, इंजिनाची आरती ओवाळायचो, आणि किमतीचं बोलणं निघालं की तू पुढं येऊन तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचास. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, खाकरायचं आणि शेवटी आपणहून आकडा वाढवायचं. मी सांगितलं, "प्रश्न आला की गप्प. समोरचा अस्वस्थ झाला तर होऊ दे. डोक्यात उत्तर पूर्ण तयार झालं की मगच तोंड उघडायचं. जो आधी बोलतो तो पडतो."

"मला हे जमेल काका," ती म्हणाली. जमेलच. शिकवावंच लागलं नाही. प्रश्न घातला की भुवई सुद्धा हलत नाही तिची. मला वाटलं तूच समोर बसलायस.

रुग्णवाहिकावाल्यांकडे जायच्या आधी हात साफ व्हावा म्हणून तिनं दुसऱ्या एका कंपनीतही अर्ज केला आहे. पुढच्या आठवड्यात घरूनच, लॅपटॉपवर मुलाखत. त्या वेळी बाल्कनीत बसायचं आणि पेपरची पानं सुद्धा उलटायची नाहीत, असा मला हुकूम आहे.

दादा


११ फेब्रुवारी

घुम्या,

त्या दुसऱ्या कंपनीचं जमलं नाही. त्यात विशेष काही नाही. तशीही ती कंपनी मला फारशी बरी वाटली नव्हती. नुसता हात साफ करायला गेलो होतो, तो झाला.

तुझं पार्सल पोचलं. बारकीचा जुना कीबोर्ड, नीट फडक्यात गुंडाळलेला, आत चिठ्ठी नाही. मी खोकं उलटं करून दोनदा आपटलं, न जाणो कुठं अडकली असेल. बारकी म्हणाली, "काका, सोडा. नसेल." मग तिनं कीबोर्ड लावला आणि बराच वेळ काही न लिहिता त्याच्यावर बोटं ठेवून बसली.

बाकी क्षेम.

दादा

ता. क. तुझी वहिनी पाठीमागं उभी राहून वाचते आहे. म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. तर लिहितो. कंपनीचं उत्तर आलं, त्यात म्हटलं होतं की प्रोग्रॅम बरोबर होता. पण उमेदवार जवळजवळ सगळा वेळ काहीच बोलली नाही, त्यामुळे ती विचार कसा करते हे आम्हाला कळू शकलं नाही. म्हणजे तिथं उत्तराला निम्मेच मार्क असतात. उरलेले निम्मे, ते शोधताना मोठ्यानं बोलण्याला.

बारकीनं लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाली, "काका, गिऱ्हाइकानं आकडा वाढवला नाही."

"मग काय केलं?"

"आभार मानले आणि निघून गेलं."

युक्ती कोणाची होती ते तुझ्या लक्षात आलं असेलच. मी दिली, पण मूळ तुझी.


२ मार्च

प्रिय घुम्या,

मार्च उजाडला, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही मागं हटलेलो नाही, पद्धत बदलली आहे.

मी फळ्याकडे पाठ करून बसतो, डोळे मिटून. बारकी कोडं सोडवते आणि डोक्यात जे येईल ते मोठ्यानं बोलत जाते. तिचं काम बोलायचं, माझं ऐकायचं. विषय मला कळत नाही, आणि तेच बरं. गाडी फाटकातून आत येताना बेअरिंग गेलंय की पट्टा, हे मी न बघता सांगतो, बघितलं की उलट गोंधळ होतो. तिचा आवाज खाली गेला, वेग वाढला किंवा ती थांबली, की मी हात वर करतो. बस.

पहिल्या दिवशी माझा हात खाली आलाच नाही. खांदा धरला.

"आता का वर केलात? आत्ता तर बरोबर होतं."

"बरोबर असेल. पण तुला ते बरोबर वाटत नव्हतं."

ती फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. इथं यादी रिकामी असेल तर काय, ते मी बघितलंच नाही." काय यादी, कशानं रिकामी, मला विचारू नकोस. मला फक्त एवढं कळतं की तुझ्या मुलीनं वाक्य 'म्हणजे' पासून सुरू केलं की पुढं तिची खात्री नसते. तू खोटं बोलायच्या आधी चष्मा पुसायचास, तसं.

एक दिवस प्रश्न निघाला: गाड्या लावण्याच्या जागेची व्यवस्था रचून दाखवा. म्हणे हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारतात. मी डोळे उघडले, खुर्चीतून उठलो, तिच्या हातातला पेन घेतला. आयुष्य गेलं त्यात! मधली रांग मोकळी, पाण्याचा नळ मागं, राखणदाराची खुर्ची फाटकाशी नाही तर कोपऱ्यात, म्हणजे त्याला दोन्ही बाजू दिसतात.

"काका, राखणदार नाहीये."

"मग गाड्या चोरीला जातील."

"गाड्याही नाहीयेत. नुसत्या नोंदी आहेत."

"मग चोरीला काय जाणार?"

"वेळ. माझा."

वहिनी आतून म्हणाली, "त्यांच्याकडून पेन काढून घे गं, भिंत आताच रंगवलीय." मी परत पाठ करून बसलो.

आता मुद्द्याचं लिहितो. परवा एका अवघड कोड्यात ती थांबली, आणि थांबलीच. मी हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. काही नाही. शेवटी वळून बघितलं, तर डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "येत नाही तर नाही येत, त्यात काय? नाही येत एवढं तरी मोठ्यानं म्हण."

"येत नाही त्याचं काही नाही," ती म्हणाली. "चुकीचं बोलायची लाज वाटते. आमच्या घरी कोणी चुकीचं बोलायचंच नाही काका. बाबा बोलले की ते बरोबरच असायचं. खात्री होईपर्यंत ते बोलायचेच नाहीत. मला वाटायचं बोलणं म्हणजे तेच."

हे मी तुला टोचायला लिहीत नाही. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुकच जास्त होतं, मला ते नीट ऐकू आलं. पण बघ, तुझ्या घरात अर्धवट वाक्य कधी कोणाच्या कानावर पडलेलं नाही. मी तिला म्हटलं, "मग इथंच राहा. या घरात पूर्ण वाक्य कोणाच्या कानावर पडलेलं नाही."

"मी सुरू केलं की हे मधे..." वहिनी म्हणाली.

"मधे कोण बोलतं? मी फक्त..."

"बघितलंस?" वहिनी म्हणाली. बारकीनं नाक पुसलं आणि हसली. मग फळ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटतं हे डावीकडून सुरू करावं. कदाचित चुकेल." चुकलंच ते. पण चुकल्याचं तिला पुढच्याच वाक्यात कळलं, आणि ते तिनं बोलूनही दाखवलं. त्या दिवशी मी हात वर केला नाही.

मी तिला म्हणतो, बापाला फोन कर. ती म्हणते, "ते काय बोलणार?"

"काही नाही."

"मग?"

"तू बोल. त्याला ऐकायला येतं."

अजून तरी केलेला नाही. मी आग्रह धरत नाही.

दादा


१८ मार्च

प्रिय घुम्या,

काल रुग्णवाहिकावाल्यांकडे शेवटची फेरी झाली. आधीच्या दोन फोनवर होत्या, त्या निभावल्या. ही प्रत्यक्ष. तुझ्या मुदतीआधीची आता ही एकच.

मी तिला गाडीनं घेऊन गेलो. कंपनी म्हणजे फरशांच्या दुकानावरचा मजला. जिना दुकानाच्या आतूनच, त्यामुळे वर जाईपर्यंत दोघा विक्रेत्यांनी मला न्हाणीघरासाठी काय हवं ते विचारलं. वर एका खुर्चीची दुसरीशी ओळख नाही, सगळ्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या. मला बरं वाटलं. खुर्च्या जुन्या घेऊन माणसं नीट बघून घेणारी कंपनी टिकते.

बारकीला काचेच्या खोलीत नेलं. आत एक बाई, तिशीची असेल, केस वर बांधलेले, हातात चहाचा मग. हिशेब बघणारा एक गृहस्थ बाहेर बसला होता. मला म्हणाला, "वडील का?"

"काका. वडील बोलत नाहीत."

"अरेरे," तो म्हणाला. "जन्मापासून?"

मी म्हटलं, "साधारण." रागावू नकोस, समजावून सांगायला वेळ नव्हता, आत सुरू झालं होतं.

काच होती, पण वरच्या बाजूला फट होती. कोडं त्यांच्याच कामातलं घातलं. रुग्णवाहिका निघाली आहे, रस्ता ठरला आहे, आणि मधेच एक पूल बंद झाला. आता नवा रस्ता कसा शोधणार, सगळं पहिल्यापासून न मोजता? बारकीनं आधी प्रश्न विचारले. पूल बंद झाल्याची बातमी किती उशिरा कळते, बंद झालेला रस्ता पुन्हा उघडतो का. मग बोलत बोलत लिहायला लागली. आवाज एका पातळीत, इंजिन तापल्यावर चालतं तसा. मी डोळे मिटले.

आणि मग ती थांबली.

घुम्या, तुझी शांतता मी आयुष्यभर ऐकली आहे, मला त्यातले प्रकार कळतात. ही वाईट होती. हिशेबवाल्यानंही मान वर केली. माझा हात आपोआप वर गेला. त्याला वाटलं मला काही हवंय, तो पाणी घेऊन आला.

मग आतून बारकीचा आवाज आला. "मी मघाशी जे म्हटलं ते चुकलंय. कुठं चुकलं ते मला अजून माहीत नाही. तुमच्यासमोरच शोधते."

"शोध," ती बाई म्हणाली. तोपर्यंत ती 'तुम्ही' म्हणत होती.

पुढचं मला नीट कळलं नाही, कारण दोघी एकदम बोलायला लागल्या. एक म्हणायची असं, दुसरी म्हणायची पण मग तसं. एकदा तर बाईच उठून फळ्यावर लिहायला लागली आणि बारकी म्हणाली, "नाही नाही, थांबा." मुलाखतीला गेलेल्या माणसानं 'थांबा' म्हणायचं असतं का? पण बाई थांबली.

परतताना गाडीत मी विचारलं, "झालं का?"

"अर्धंच झालं. शेवटचा भाग राहिला. कसा करता येईल ते बोलले फक्त."

"मग घेतील?"

"माहीत नाही काका." आणि लगेच, "म्हणजे..." एवढं म्हणून ती खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा गप्प असतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काय चालू असतं?" मी म्हटलं, ते मला माहीत असतं तर आपण आज एकाच यार्डात असतो.

निकाल फोनवर कळवणार आहेत. तू मुळीच काळजी करू नकोस. या घरात स्वयंपाकघरात डबा उघडला तर तो कुठला, हे मी अंथरुणातून सांगतो. तिचा नुसता 'हॅलो' कानावर पडला की होकार आहे की नकार ते मला कळेल, तिला सांगावं सुद्धा लागणार नाही. बातमी पहिल्यांदा मला कळणार, मग इतरांना. तुला ती माझ्याकडूनच समजेल, असा शब्द देतो.

दादा


२६ मार्च

प्रिय घुम्या,

सकाळी फोन वाजला, तुझं नाव दिसलं, आणि मला वाटलं खिशात दाबला गेला असेल. उचलला तर कोणी बोलेना. पण श्वास ओळखीचा होता.

"दादा," तू म्हणालास, आणि थांबलास. मी पण थांबलो. तुझी वहिनी सांगते की माझं तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं, आणि तिनं हे पहिल्यांदाच बघितलं.

"झालं तिचं," तू म्हणालास.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. बापानं इतक्या वर्षांनी फोन करून 'झालं तिचं' म्हटलं, तर माणसानं काय समजावं? मग तू म्हणालास, "नोकरी," तेव्हा मी खाली बसलो.

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच. आत्ता."

फोनवर मला पुढं धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. तू म्हणालास की ती खूप वेळ बोलली, न जमलेल्या मुलाखतीचं सांगितलं, अर्धं राहिलेल्या कोड्याचं सांगितलं, मधे मधे चुकली, परत मागं जाऊन दुरुस्त केलं. "सगळं अर्धवट सांगत होती," तू म्हणालास, "पण सगळं सांगितलं." मी विचारलं, तू काय म्हणालास? तर तुझं उत्तर, "ऐकत होतो." आणि मग एवढ्या मोठ्या गॅपनंतर, की मला वाटलं फोन कट झाला, "तिला विचारलं, पूल पुन्हा उघडला तर काय करणार." हे तुझं वाक्य मी वहिनीला सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत होती. कारण विचारलं तर म्हणाली, भांड्यांची वाफ.

एक तारखेपासून ती कामावर जाईल. राहणं आमच्याकडेच, फळा तिच्या खोलीत हलवायचा ठरलाय, म्हणजे पुन्हा कपाट, पुन्हा भिंत. तुझ्या ऑफिसातली जागा आता रिकामी राहिली, तेव्हा माणूस शोध. शोधताना हवं असेल तर मी येऊन जाईन. तू गप्प बस, मी प्रश्न विचारीन, दोघं मिळून एक माणूस धड निवडू. हो म्हणायला पत्र नको लिहूस, आजच्यासारखा फोन कर. थांबलास तरी चालेल, मी धरून ठेवीन.

आता एकच राहिलं. तू विचारलंस, "तुला कळलं नव्हतं?" मी म्हटलं, मी खाली गाडीपाशी होतो. तसं नव्हतं. ती तुझ्याशी बोलत होती तेव्हा मी शेजारच्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो. मधलं दार उघडं होतं. तुझ्या वहिनीला स्वयंपाकघरातून सगळं ऐकू आलं, मला एक अक्षर नाही.

दादा